ताकीद आणि मुदत

कोणतीहि रूढ गोष्ट बंद करावयाची असेल, तर तिचा दोष सिद्ध करणें हें त्यांतलें सोपें काम होय. अवघड काम त्यापुढें सुरू होतें. जे लोक ती गोष्ट नित्य वापरतात, त्यांच्या हातचें काम न मोडतां त्यांना नव्या रीतीकडे कसें न्यावयाचें? राज्यकर्त्यांना आणि व्याकरणकारांना हा प्रश्न जुनाच आहे. गेल्या सुमारें सत्तर वर्षांत तो एका नव्या वर्गालाहि पडला आहे. हा वर्ग म्हणजे संगणकाच्या भाषा रचणारे लोक. जुनी किंवा संशयास्पद रचना कोणी वापरली तर यंत्रानें त्याला ताकीद कशी द्यावी, केव्हां द्यावी आणि किती दिवस देत राहावें, याचा विचार या लोकांना कसकसा करावा लागला, त्याचा इतिहास येथें थोडक्यांत पाहावयाचा आहे.

यंत्राकडे वळण्यापूर्वीं एक साधें उदाहरण घेऊं. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यांत, कर्नाटकाच्या हद्दीजवळ मैंदर्गी हें गांव आहे. मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषा येथें शेजारीं शेजारीं नांदतात. १ एप्रिल १९५७ रोजीं साऱ्या देशाबरोबर या गांवालाहि दशमान नाण्यांचा कायदा लागू झाला. त्या दिवसापर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होत. आतां रुपयाचे शंभर पैसे झाले.

या बदलांतला खरा धोका आणा जाण्यांत नव्हता. आणा हा शब्दच नव्या हिशेबांत नव्हता, त्यामुळें त्याविषयीं घोटाळा होण्याचें कारण नव्हतें. धोका होता तो पैसा या शब्दांत. शब्द तोच, पण अर्थ निराळा. दहा पैसे म्हणजे जुन्या हिशेबानें अडीच आणे, म्हणजेच सुमारें साडेपंधरा नवे पैसे. नव्या हिशेबानें ते दहाच. वस्तु नाहींशी झाली तर माणूस तिचा शोध करतो. नांव तेंच ठेवून अर्थ बदलला, तर तो न कळत फसतो.

सरकारनें यावर केलेली योजना लक्षांत घेण्यासारखी आहे. नव्या नाण्याला नुसता पैसा न म्हणतां नवा पैसा म्हटलें आणि हा शब्द नाण्यावरच घातला. रुपयाचा शंभरावा भाग, अशा अर्थाचा मजकूरहि त्याच नाण्यावर होता. म्हणजे ज्याच्या हातांत नाणें, त्याच्या हातांत खुलासा. जुनीं नाणीं एका दिवसांत बाद केलीं नाहींत. कांहीं काळ दोन्हीं बरोबरीनें चालूं दिलीं आणि एकाचीं दुसऱ्यांत रूपांतरें सांगणारीं कोष्टकें दिलीं. शेवटीं १ जून १९६४ पासून, लोकांच्या अंगवळणीं बदल पडल्यावर, नवा हा शब्द काढून टाकला. ताकिदीचें काम संपलें, तशी ताकीदहि गेली.

ही योजना निर्दोष होती असें नाहीं. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे, पण एका आण्याचे सहाच. तेव्हां चार आणे एकरकमी दिले तर पंचवीस आणि एकेक आणा चार वेळां दिला तर चोवीस. संक्रमणाचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. तो थोडा असावा आणि आगाऊ माहीत असावा, इतकेंच योजणाऱ्याच्या हातीं असतें.

योगायोग असा कीं, त्याच १९५७ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनीनें फोरट्रान या भाषेचा पहिला कंपायलर ग्राहकाला दिला. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखालीं तो तयार झाला होता. माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या सांकेतिक आज्ञांत उतरविणारा दुभाषा, तो कंपायलर. दुभाषापुढें वाक्य आलें म्हणजे त्याला तीन मार्ग असतात. वाक्य नीट असेल तर तो मुकाट्यानें भाषांतर करतो. वाक्याला अर्थच नसेल तर तो नकार देतो. तिसरा मार्ग नाजूक आहे. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, त्याचें भाषांतरहि होतें, पण बोलणाऱ्याच्या मनांत निराळेंच असावें अशी शंका येते. अशा वेळीं भाषांतर करून द्यावें आणि शंकाहि बोलून दाखवावी, यालाच इशारा म्हणतात.

पहिल्या फोरट्रानमध्यें हा तिसरा मार्ग किती आवश्यक होता, तें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसतें. या भाषेंत शब्दांमधील मोकळ्या जागेला किंमत नव्हती आणि कोणतेंहि नांव आधीं जाहीर न करतां वापरतां येत असे. 'डू १० आय = १, १०' याचा अर्थ, पुढील आज्ञा दहा वेळां कर. यांतील स्वल्पविरामाच्या जागीं चुकून बिंदु पडला, तर कंपायलर सगळीं अक्षरें जोडून 'डू१०आय' असें एक नवेंच नांव कल्पी आणि त्याची किंमत १.१० धरून पुढें जाई. नकार नाहीं, शंका नाहीं. अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ-योजनेच्या एका गणितांत हीच चूक शिरली होती. ती वेळीं सांपडली म्हणून अनर्थ टळला. १९६२ सालीं मरिनर-१ हें यान याच चुकीनें नष्ट झालें, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. पण तें खरें नाहीं. त्या यानाच्या मार्गदर्शक समीकरणांची नक्कल करतांना एका चिन्हावरील आडवी रेघ राहून गेली होती.

फोरट्रान लवकरच मुंबईला आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें टिफ्रॅक हा स्वतःचा संगणक १९६० सालीं चालू केला होता. १९६४ सालीं तेथें सी. डी. सी. ३६०० हें मोठें यंत्र आलें आणि देशांतील निरनिराळ्या संस्थांचे संशोधक आपलीं गणितें त्यावर करूं लागले. प्रोग्रॅम छिद्रें पाडलेल्या कार्डांवर उतरवावयाचा, कार्डांचा गठ्ठा यंत्रघरांत द्यावयाचा आणि निकालाची वाट पाहावयाची, अशी त्या काळची रीत होती. यंत्रापुढें बसून चूक तेथल्या तेथें दुरुस्त करण्याची सोय नव्हती. अशा स्थितींत यंत्रानें बोलून न दाखविलेली शंका म्हणजे फुकट गेलेला वेळ आणि फुकट गेलेलें यंत्र.

पुढें १९६८ च्या मार्च महिन्यांत एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचें एक पत्र एका अमेरिकन मासिकांत प्रसिद्ध झालें. प्रोग्रॅममध्यें वाटेल तेथून वाटेल तेथें उडी मारूं देणारी 'गो टू' ही आज्ञा अपायकारक आहे, असें त्याचें म्हणणें होतें. पत्राला गाजलेलें शीर्षक मात्र संपादक निक्लाउस विर्थ यांनीं दिलेलें. पत्रानें मोठा वाद उसळला आणि मतहि हळूहळू बदललें. पण ज्या लाखों ओळींत ही आज्ञा आधींच लिहिली गेली होती, त्यांचें काय करावें याला पत्रांत उत्तर नव्हतें. दोष दाखविणें आणि संक्रमण घडविणें हीं दोन कामें निराळीं आहेत, तीं अशीं.

विर्थ यांनीं निराळी वाट धरली. त्यांनीं पास्कल ही नवीच भाषा रचली आणि तींत प्रत्येक नांव आधीं जाहीर केल्यावांचून वापरूं द्यावयाचें नाहीं, असा नियम केला. फोरट्रान जेथें गप्प राही, तेथें पास्कल नकार देई. १९७० नंतरच्या दशकांत झुरिचमध्यें या भाषेचा एक सुटसुटीत कंपायलर तयार झाला आणि तो निरनिराळ्या यंत्रांवर नेतां येत असल्यामुळें जगभर पसरला. त्याच्या कर्त्यांत के. व्ही. नोरी हे भारतीय होते. १९८१ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या टाटा संशोधन विकास व रचना केंद्रांत त्यांनीं पुढें महत्त्वाचें काम केलें. पास्कलची ही शिस्त चांगलीच. पण ती नव्या भाषेलाच परवडते, कारण तिच्या मागें जुन्या ग्रंथांचा भार नसतो. जुन्या भाषेला नकाराची चैन करतां येत नाहीं. तिला ताकिदीवरच भागवावें लागतें.

ताकिदीचें पहिलें मोठें शास्त्र बेल प्रयोगशाळेंत जन्मलें. तेथील सी या भाषेसाठीं स्टीफन जॉन्सन यांनीं लिंट नांवाचा परीक्षक लिहिला. त्याचें वर्णन १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. लिंट म्हणजे कापडावरचें तूस. माग आणि सूत यांच्या सोलापूर जिल्ह्यांत हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. कापड फाटलेलें नसतें, विणहि बरोबर असते, पण अंगावर धागे चिकटलेले असतात. ते झटकून काढावे, ही त्यांतली कल्पना. जॉन्सन यांनीं भाषांतराचें काम आणि शंका काढण्याचें काम वेगळें केलें. कंपायलर झटपट भाषांतर करी. लिंट सावकाश वाचून, कोणतें नांव वापरलेंच नाहीं, कोणत्या ओळीपर्यंत यंत्र कधींच पोंचणार नाहीं, हें सांगे.

लिंटबरोबरच ताकिदीचा मोठा रोगहि उघडकीस आला. लिंट फार बोले. शंभर शंकांत खऱ्या चुका थोड्या असल्या, म्हणजे वाचणारा शंभरहि शंका वाचणें सोडून देतो. दारावरचा कुत्रा येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकूं लागला, तर चोर आल्या रात्रीं घरधनी कूस बदलून झोंपतो. यावर जॉन्सन यांनीं एक उपाय ठेवला होता. लिहिणाऱ्यानें प्रोग्रॅममध्यें ठराविक खूण केली, कीं ही गोष्ट मला माहीत आहे आणि ती मीं जाणूनबुजून केली आहे, तर लिंट त्या जागीं गप्प राही. ही खूण दिसावयास क्षुद्र, पण तत्त्व मोठें. ताकीद हा हुकूम नाहीं, तो प्रश्न आहे. आणि प्रश्नाला उत्तर देण्याची सोय असलीच पाहिजे.

खोट्या शंका कमी करावयाच्या तर यंत्राला वाक्यापलीकडचा संदर्भ समजला पाहिजे. एखाद्या नांवाला किंमत देण्यापूर्वींच तें वापरलें आहे काय, हें एका ओळीवरून ठरत नाहीं. त्या ओळीपर्यंत येणाऱ्या सर्व वाटा तपासाव्या लागतात. या शास्त्रावर मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें बरेंच काम झालें असून, उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ २००९ सालीं प्रसिद्ध झाला. यंत्राची शंका जितकी अभ्यासपूर्ण, तितका तिचा मान अधिक.

शंका खरी असूनहि ती वेळेवर न बोलल्यास काय होतें, हें सी भाषेंतील 'गेट्स' या आज्ञेनें दाखविलें. बाहेरून येणारी ओळ आंत घेणें हें तिचें काम. पण ओळ किती लांब असावी, याला तिच्यांत मर्यादाच नव्हती. भांडें शेराचें आणि ओतणाऱ्याला कोणी थांबवीत नाहीं, अशी ती व्यवस्था. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं एका विद्यार्थ्यानें सोडलेला प्रोग्रॅम इंटरनेटवरील हजारों यंत्रांत पसरला आणि तीं यंत्रें ठप्प झालीं. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकीं एक वाट हीच आज्ञा होती. तरीहि पुढच्याच वर्षीं सी भाषेचें पहिलें प्रमाण ठरलें, त्यांत ती कायम राहिली. १९९९ च्या प्रमाणांतहि राहिली. २००७ सालीं ती अधिकृतपणें त्याज्य ठरली आणि २०११ च्या प्रमाणांतून वगळली गेली. अपघातापासून निर्णयापर्यंत तेवीस वर्षें. या मधल्या काळांत ताकीद देण्याचें काम प्रमाणग्रंथानें केलें नाहीं; तें जोडणीच्या साधनांनीं आपण होऊन केलें. ही आज्ञा धोक्याची आहे, वापरूं नका, असें स्पष्ट वाक्य तीं पडद्यावर आणीत. मर्यादा पाळणारी पर्यायी आज्ञा पूर्वींपासून उपलब्ध होती, म्हणूनच ही ताकीद उपयोगी पडली.

उलट टोकाचीहि उदाहरणें आहेत. १९९१ सालीं फोरट्रानची नवी आवृत्ति प्रमाण झाली, तेव्हां तिच्यांत दोन याद्या होत्या. एक लवकरच जाणाऱ्या रचनांची आणि दुसरी गेलेल्या रचनांची. दुसरी यादी कोरी होती! पहिलीनें सूचना द्यावयाची आणि पुढच्या आवृत्तींत नांवें दुसरींत न्यावयाचीं, असा क्रम होता. आणि १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आवृत्तींत कांहीं नांवें खरोखरच तशीं गेलीं. पण जुनीं शास्त्रीय गणितें अजून चालवावयाचीं असल्यामुळें कंपायलर करणारे त्या गेलेल्या रचनाहि स्वीकारीत राहिले. कायद्यानें बाद, बाजारांत चालू.

जावा या भाषेंत १९९७ सालच्या १.१ या आवृत्तीपासून एखादी सोय त्याज्य म्हणून जाहीर करण्याची पद्धत आली. चालू धागा एकाएकीं तोडणारी एक आज्ञा १९९८ सालीं त्याज्य ठरली, पण ती प्रत्यक्ष निकामी झाली २०२३ सालीं. पंचवीस वर्षें ताकीद मिळत राहिली आणि कांहींच घडलें नाहीं. साहजिकच लोकांनीं असा ग्रह करून घेतला कीं, त्याज्य म्हणजे फक्त नापसंत. शेवटीं २०१७ सालीं ताकिदीच्या दोन पायऱ्या कराव्या लागल्या. एक साधी, आणि दुसरी, ही खरोखरच काढली जाणार आहे, असें सांगणारी. मुदत नसलेल्या ताकिदीचें मोल कसें घसरतें, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाहीं.

नव्या पैशाची आठवण करून देणारा प्रसंग पायथन या भाषेंत घडला. तिच्यांत सातास दोनांनीं भागिलें तर उत्तर तीन येई, कारण पूर्णांकाला पूर्णांकानें भागल्यावर बाकी टाकून देण्याची रीत होती. पुढें साडेतीन हेंच उत्तर यावें असें ठरलें. चिन्ह तेंच, अर्थ निराळा. म्हणून २००१ सालीं जुन्या अर्थासाठीं वेगळें दुहेरी चिन्ह आधीं दिलें, ज्याला हवा त्याला आपल्या प्रोग्रॅमपुरता नवा अर्थ निवडूं दिला, आणि मग २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या आवृत्तींत नवा अर्थ सर्वांना लागू केला. एवढी काळजी घेऊनहि दुसरी आवृत्ति सोडावयास लोक तयार होईनात. तिच्या समाप्तीची २०१५ ही मुदत पांच वर्षें वाढवावी लागली आणि १ जानेवारी २०२० पासून तिची देखभाल बंद झाली.

याच भाषेंत दुसरा एक प्रश्न निघाला. ताकीद कोणासाठीं? तयार प्रोग्रॅम वापरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पडद्यावर, आंतील अमुक रचना कालबाह्य आहे, असें उमटलें तर तो बिचारा काय करणार? म्हणून २०१० सालीं अशा सूचना एरवीं झांकून ठेवण्याचें ठरलें. परिणाम असा कीं, ज्यांनीं त्या वाचावयास हव्या होत्या त्या लेखकांनाहि त्या दिसेनाशा झाल्या. कांहीं शब्द भाषेनें स्वतःसाठीं राखून घेतले, तेव्हां तीं नांवें वापरणारे चकित झाले. २०१८ सालीं मधला मार्ग काढला. माणूस स्वतः लिहून चालवीत असलेल्या प्रोग्रॅममधील शंका त्याला दाखवावयाच्या, परक्या भागांतल्या नाहींत.

अलीकडच्या भाषांनीं या अनुभवांतून धडा घेतलेला दिसतो. २०१५ सालीं पहिली स्थिर आवृत्ति निघालेल्या रस्ट या भाषेंत जुनी आणि नवी लेखनपद्धति एकाच प्रोग्रॅमच्या निरनिराळ्या भागांत सुखानें राहूं शकते. प्रत्येक भाग आपण कोणत्या सालची रीत पाळतों, तें आरंभीं सांगतो. मैंदर्गीच्या बाजारांत एक माणूस कानडींत भाव सांगतो, दुसरा मराठींत विचारतो आणि व्यवहार अडत नाहीं, तशीच ही सोय. शिवाय तेथील कंपायलर पुष्कळदां नुसती शंका न काढतां दुरुस्त ओळहि लिहून दाखवितो.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य चार प्रश्नांत सांगतां येईल. ताकीद दुर्मिळ आहे काय, म्हणजे ती आली असतां लक्ष द्यावेंसें वाटतें काय? जुन्याच्या जागीं काय घ्यावें, हें ती सांगते काय? जुनें केव्हां बंद होणार, ती मुदत खरी आहे काय? आणि जो दुरुस्ती करूं शकतो, त्याच्याच हातीं ती पडते काय? १९५७ च्या नाण्यानें या चारी प्रश्नांचीं उत्तरें आपल्या अंगावर वागविलीं होतीं. संगणकाच्या भाषांना तीं शोधण्यास अर्धें शतक लागलें.

पांचवा प्रश्न अजून शिल्लक आहे. या भाषांचे इशारे बहुधा इंग्रजींत येतात. घरीं कानडी आणि शाळेंत मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला पहिलाच प्रोग्रॅम लिहितांना तिसऱ्याच भाषेंतली ताकीद मिळते. ती धमकी आहे कीं सल्ला, हेंच त्याला कळत नाहीं. आणि न कळलेल्या ताकिदीला भिऊन तो बरोबर लिहिलेली ओळहि खोडून टाकण्याचा संभव असतो. नव्या पैशावर किंमत लिहिली होती, कारण नाणें घेणारा हिशेबतपासनीस नव्हे, बाजारांतला सामान्य माणूस आहे, हें योजणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवलें होतें. भाषा रचणाऱ्यांनाहि आपल्या वाचकाची अशीच ओळख करून घ्यावी लागेल.